शंभर डॉलरचा माणूस

‘तुझं लक्ष कामात नाहीये, असं वाटतंय आम्हाला.’

अप्रेझलच्या खोलीत हे वाक्य ऐकलंय कधी? माझ्या एका जिवलग मित्रानं मागच्या महिन्यात ऐकलं. गुन्हा काय, तर पठ्ठ्या सकाळी सातच्या बॅचला लॉ कॉलेजात जातो आणि तिथून धावतपळत साडेदहाला ऑफिस गाठतो. कामात चूक नाही, डेडलाइन चुकलेली नाही. पण टीममधल्या कुणीतरी ‘हा आता वकील होणार म्हणे’ अशी पुडी सोडली, ती केबिनपर्यंत पोचली आणि साहेबांचं रेटिंग एका घरानं खाली आलं.

त्या रात्री आम्ही टपरीवर कटिंग घेत उभे होतो. ‘सोडून देतो यार कॉलेज,’ तो म्हणाला. ‘दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस आपटतोच.’

आता अशा वेळी मित्रानं काय म्हणायचं असतं? ‘अरे होईल सगळं नीट’ वगैरे. मला ते जमत नाही. मी त्याला एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगायला घेतली. त्यानं कपाळाला हात लावला. पण दुसरा चहा सांगितला, म्हणजे ऐकायची तयारी होती.

गोष्ट अ‍ॅलन पेजची. अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल. म्हणजे काय? थोडक्यात सांगते. या खेळाच्या नावात ‘फूट’ असला तरी पायाचं काम कमीच. अकरा विरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सगळी सूत्रं क्वार्टरबॅकच्या हातात. तो देखणा, तो हिरो, जाहिराती त्याच्या. त्याच्यापुढं धिप्पाड गड्यांची भिंत उभी. आणि त्या भिंतीच्या नाकासमोर वाकून उभे असतात ते डिफेन्सिव्ह लाइनवाले. काम एकच. चेंडू हलला की भिंत फोडायची आणि क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला लोळवायचं. याला म्हणतात सॅक. एका मॅचमध्ये असे कितीतरी धडाके मारायचे, बोटं मोडून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा? क्वार्टरबॅकचा. आपल्या ऑफिसातही असे लोक असतात. रात्री दोनपर्यंत सर्व्हर ते सांभाळतात, प्रेझेंटेशन दुसराच करतो.

तर हा अ‍ॅलन पेज जन्मला १९४५ साली, ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावात. पोलाद कारखान्यांचं गाव. कृष्णवर्णीय पोरानं मोठं होऊन तिथंच भट्टीपाशी राबायचं, हा ठरलेला रस्ता. आईवडलांचा मात्र शिक्षणावर कटाक्ष. आई तो तेरा वर्षांचा असतानाच गेली. पोराच्या डोक्यात लहानपणापासून एकच, वकील व्हायचं. टीव्हीवरच्या पेरी मेसननं ते खूळ भरलं, असं तो पुढं गमतीनं सांगायचा. फुटबॉल नंतर आला. अंगानं दणकट होता, पळायला चपळ होता, कोचची नजर गेली. एवढंच.

याच कॅन्टनमध्ये १९६०च्या दशकात व्यावसायिक फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ बांधलं गेलं. म्हणजे या खेळातल्या थोरामोठ्यांचं देवघरच. शाळकरी पेज तिथं बांधकामावर मजूर म्हणून राबला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

नोत्र दाम विद्यापीठात तो राज्यशास्त्र शिकला. १९६६ मध्ये त्याच्या टीमनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि १९६७ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनं पहिल्याच फेरीत, पंधराव्या क्रमांकावर, त्याला उचललं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज ही चौकडी जमली आणि मिनेसोटात अक्षरशः धुमाकूळ सुरू झाला. जर्सी जांभळी, म्हणून नाव पडलं ‘पर्पल पीपल ईटर्स’. जांभळे नरभक्षक! १९५८ सालच्या एका गमतीदार गाण्यावरून आलेलं नाव. ‘क्वार्टरबॅकपाशी भेटू’ हे त्यांचं ब्रीद. चौघांनी चार दिशांनी निघायचं आणि भेटायचं कुठं, तर त्या बिचाऱ्याच्या छाताडावर.

स्टेडियम उघडं, थंडी हाडं गोठवणारी. कोच बड ग्रँटचा शिरस्ता असा, की मैदानाच्या कडेला हीटर लावायचा नाही. समोरची टीम कुडकुडत शेकोटी शोधायची आणि व्हायकिंग्ज नुसते उभे. बाहेरून आलेला पाहुणा अर्धा तिथंच हरायचा.

पेजची उंची सहा फूट चार इंच, वजन १११ किलोच्या आसपास. तुम्हाआम्हाला हे राक्षसी वाटेल, पण त्या गर्दीत तो काही सगळ्यांत जाडजूड नव्हता. त्याचं बळ वेगात होतं. चेंडू हलतो न हलतो तोच हा भिंतीच्या पलीकडे. १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेसनं त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. हा मान तोवर कुठल्याही बचावपटूला मिळाला नव्हता. त्यानंतर तो मिळवणारा बचावपटू एकच, १९८६ चा लॉरेन्स टेलर. म्हणजे आपण केवढ्या माणसाबद्दल बोलतोय ते कळलं असेल.

‘मग? जिंकला असेल सगळं,’ मित्र म्हणाला.

नाही ना! तिथंच तर मेख आहे. व्हायकिंग्ज पेजच्या काळात चार वेळा सुपर बोलपर्यंत पोचले. जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीकडून हरले. १९७४ मध्ये मायामीकडून हरले. १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून. १९७७ मध्ये ओकलंडकडून. चार फायनल, चार पराभव. आपल्याकडे असं झालं असतं तर पुतळे जाळले असते.

पण मला या माणसाचं खरं अप्रूप वाटतं ते १९७५ पासून. तोवर तिशी आली होती. मोठ्ठं नाव होतं. अशा वेळी माणूस हॉटेल काढतो, गाड्यांचं शोरूम उघडतो. यानं युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या लॉ स्कूलमध्ये नाव घातलं. पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून. आणि खेळणं चालूच. वर सांगितलेला १९७७ चा सुपर बोल आहे ना, तो त्याच्या लॉ स्कूलच्या वर्षांतलाच.

यातली सगळ्यांत माणसासारखी गोष्ट मी मित्राला मुद्दाम सांगितली. हा त्याचा पहिला प्रयत्न नव्हता. व्हायकिंग्जमध्ये आल्यावर सुरुवातीच्या काळात त्यानं एका लॉ कॉलेजात प्रवेश घेतला होता आणि साधारण तीन आठवड्यांत सोडून दिला होता. तीन आठवडे! आपल्या जिमच्या मेंबरशिप याहून जास्त टिकतात. मग मध्ये काही वर्षं नुसतीच गेली. पण डोक्यातला किडा गेला नाही.

किडा न जाण्याचं एक कारण त्याच्या भोवतीच होतं. कारकीर्द कधीही संपू शकते, गुडघा एकदा गेला की गेला, हे तो रोज बघत होता. शिवाय एकदा टीमच्या बैठकीत प्लेबुक मोठ्यानं वाचायची वेळ आली. प्लेबुक म्हणजे डावपेचांची वही. वाचताना लक्षात आलं की आपल्यातल्या काहींना हे धड वाचताच येत नाहीये. ही सगळी कॉलेजात जाऊन आलेली मंडळी होती! कॉलेजांनी त्यांच्याकडून फुटबॉल काढून घेतला, शिक्षण काही दिलं नाही. ही गोष्ट पेजच्या मनात घर करून राहिली. पुढच्या आयुष्यात ती त्यानं पुन:पुन्हा सांगितली.

दुसरं म्हणजे युनियन. तो खेळाडूंच्या संघटनेत टीमचा प्रतिनिधी होता, कार्यकारिणीवरही होता. त्या काळचा नियम ऐका. तुमचा करार संपला आणि तुम्ही दुसऱ्या टीमकडे गेलात, तर नव्या टीमनं जुन्या टीमला भरपाई द्यायची. ती किती, ते आपसात ठरलं नाही तर लीगचा कमिशनर ठरवणार. साहजिकच कुणी तुम्हाला घ्यायला धजायचं नाही. म्हणजे राजीनामा द्यायचं स्वातंत्र्य आहे, पण नवी नोकरी मिळायची सोय नाही. १९७४ मध्ये खेळाडूंनी सराव शिबिरांच्या वेळी संप केला. तो फसला. मालकांशी वाटाघाटी करताना कायदा कळला पाहिजे, हे असं ठेच लागूनच कळतं.

आता खरा पेच. पेजची बायको डायान. तिला सिगारेट सोडायची होती, म्हणून ती धावायला लागली. तिच्या सोबतीनं हाही. आणि धावण्याचं असं वेड लागलं की विचारू नका. आठवड्याला मैलच्या मैल. वजन उतरत उतरत शंभर किलोच्या घरात आलं. डिफेन्सिव्ह लाइनमध्ये वजन म्हणजे भांडवल. कोच ग्रँटना ते पटेना. समोरची भिंत या अंगानं कशी ढकलणार, हा त्यांचा सवाल. पेजचं म्हणणं, मी आधीपेक्षा जास्त फिट आहे.

१९७८. त्याच वर्षी पेजला कायद्याची पदवी मिळाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, व्हायकिंग्जनं त्याला काढून टाकलं. बारावं वर्ष चाललं होतं. एमव्हीपी, नऊ प्रो बोल, चार सुपर बोल... आणि ‘आता तू पूर्वीसारखा राहिला नाहीस’.

अशा वेळी तेव्हा लीगमध्ये दुसरी टीम ठराविक फी भरून खेळाडूला उचलू शकायची. शिकागो बेअर्सनं उचललं. फी किती? शंभर डॉलर.

मित्र हसला. मग हसायचा थांबला.

शंभर डॉलर! बेअर्सला अक्कल होती असं नाही, माहिती होती. त्यांचे कोच नील आर्मस्ट्राँग (चंद्रावरचे नव्हेत हो!) आदल्या वर्षापर्यंत व्हायकिंग्जकडेच बचावाचं काम बघायचे. त्यांच्या हाताखालचे बडी रायनही तिथूनच आलेले. दोघांनी पेजला रोज सरावात पाहिलं होतं. हा माणूस काट्यावर किती भरतो यापेक्षा चेंडू हलल्यावर काय करतो, हे त्यांना ठाऊक होतं. रेझ्युमे बघणारा वेगळा आणि काम बघितलेला वेगळा, बॉस.

पेज शिकागोत आणखी साडेतीन मोसम खेळला, १९८१ पर्यंत. एकही मॅच चुकवली नाही. सगळी कारकीर्द धरून सलग २१८ सामने. ज्या खेळात लोक दर रविवारी स्ट्रेचरवरून बाहेर जातात, तिथं ही हजेरी! ऑफिसात असा माणूस असता तर एचआरनं त्याचा फोटो लिफ्टमध्ये लावला असता. बरं, याच काळात, १९७९ मध्ये, तो मॅरेथॉन पूर्ण करणारा लीगमधला पहिला सक्रिय खेळाडू ठरला. त्याच वर्षी वकिलीची सनदही घेतली आणि मिनिआपोलिसच्या एका लॉ फर्ममध्ये काम सुरू केलं. मोसमात शिकागो, एरवी कोर्टकचेरी. दोन दगडांवर पाय ठेवून हा गडी आपटला नाही, उलट पळत सुटला.

एक गंमत सांगते. सॅकची अधिकृत मोजणी लीगनं सुरू केली १९८२ पासून. पेज निवृत्त झाला १९८१ ला. म्हणजे ज्या कामात त्याचं आयुष्य गेलं, त्याचा अधिकृत आकडा रेकॉर्डबुकात नाहीच. नंतर अभ्यासकांनी जुन्या फिल्म बघून हिशेब मांडले, तो भाग वेगळा. पण आपलं काम मोजायची पट्टी आपण बाहेर पडल्यावर येते, हे किती ओळखीचं आहे नाही?

पुढची कारकीर्द झरझर सांगते, कारण चहावाला आवरायला लागला होता. काही वर्षं फर्म, मग १९८५ पासून मिनेसोटाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात सरकारी वकील. १९८८ मध्ये हॉल ऑफ फेम. हो, तेच. ज्या इमारतीच्या बांधकामावर पोरगा राबला, त्याच इमारतीत त्याचा पुतळा बसला. या समारंभात तुमची ओळख करून द्यायला सहसा कोच किंवा जुना सहकारी उभा राहतो. पेजनं मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना बोलावलं. आणि भाषणात फुटबॉल कमी, शिक्षण जास्त. समोर बसलेल्यांना वाटलं असेल, आपण चुकून गॅदरिंगला आलो की काय!

त्याच वर्षी त्यानं आणि डायाननं पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती. पण फुकट नाही. ज्याला पैसे मिळतील त्यानं आपल्याहून लहान शाळकरी मुलांना वेळ द्यायचा, त्यांना शिकवायचं. शिष्यवृत्ती म्हणजे चेक नव्हे, साखळी. हा फंडा मला फार आवडला.

मग १९९२. पेजला राज्याच्या सुप्रीम कोर्टावर जायचं होतं. मिनेसोटात न्यायमूर्ती निवडणुकीनं येतात. पण ज्या जागेसाठी तो उभा राहणार, तिथल्या न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नरनं वाढवून दिली. म्हणजे निवडणूकच नको! पेज कोर्टात गेला. खटला त्याच सुप्रीम कोर्टापुढं, त्यामुळे तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि दुसऱ्या न्यायाधीशांनी खटला ऐकला. निकाल पेजच्या बाजूनं. निवडणूक झाली आणि तो जिंकला. मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टावरचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. जानेवारी १९९३ पासून २०१५ पर्यंत, सत्तराव्या वर्षी सक्तीच्या निवृत्तीचा नियम आड येईपर्यंत, तो तिथं होता. लीगमध्ये पंधरा वर्षं, कोर्टात बावीस. खेळाडू हा त्याचा ‘आधीचा जॉब’ होऊन गेला.

कोर्टात काळा झगा, गळ्याला बो टाय. फक्त एक खूण लपत नाही. डाव्या हाताची करंगळी खेळताना इतक्यांदा निखळली की ती काटकोनात बाहेर वळली आहे. पोरंसोरं तिच्याकडे बघत बसतात. मग त्यानं लेकीच्या सोबतीनं त्या करंगळीवरच लहान मुलांसाठी पुस्तक लिहिलं. शाळाशाळांत जाऊन तो ते वाचून दाखवतो. २०१७ मध्ये मिनिआपोलिसमधल्या एका माध्यमिक शाळेच्या मुलांनी शाळेचं जुनं नाव बदलायचा आग्रह धरला आणि नवं नाव दिलं, ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये डायान गेली. नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउसमध्ये पेजला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान. जिच्यामुळे हा धावायला लागला, ती दोन महिन्यांनी चुकली. हे सांगताना माझाच आवाज जरा बसला. मित्रही गप्प होता.

मग तो म्हणाला, ‘पण त्याचं वेगळं रे. आय मीन गं. त्याच्याकडे पैसा होता. मोसम संपला की अर्धं वर्ष मोकळं. मला ईएमआय आहे.’

बरोबर आहे. अगदी बरोबर. मी वाद घातला नाही. पेजसारखं शरीर नाही, त्याचं बँक बॅलन्स नाही, नोत्र दाम नाही. असल्या गोष्टी सांगून ‘तूही कर’ म्हणणारे मोटिव्हेशनवाले मला स्वतःलाच सहन होत नाहीत. शिवाय ग्रँट साहेबही खलनायक नव्हते. त्यांना रविवारी मॅच जिंकायची होती, त्यांच्या हिशेबात हलका लाइनमन बसत नव्हता. मित्राच्या साहेबांचंही कदाचित तेवढंच असेल. कंपनी आजचा रविवार बघते. त्यात तिचं फार चुकत नाही.

पण आपले पुढचे रविवार कोण बघणार? ते कंपनीचं काम नाही. ते आपलंच.

मला पेजकडून घ्यावीशी वाटते ती एवढीच गोष्ट. कामात कसर नाही, सलग २१८ सामने. पण काम म्हणजेच मी, असा घोटाळाही नाही. त्यामुळे १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये जेव्हा त्याची किंमत शंभर डॉलर लागली, तेव्हा ती फक्त डिफेन्सिव्ह टॅकलची किंमत होती. वकिलाची नव्हती, धावणाऱ्याची नव्हती, माणसाची तर नव्हतीच. आपल्यापैकी किती जणांना अप्रेझलचं पत्र हातात घेऊन हे म्हणता येईल?

आणि शेवटचं. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांची मॅरेथॉन होते ना, तिच्या रस्त्यात, तळ्याकाठी, हा माणूस अनेक वर्षं उभा राहत आलाय. अंगाभोवती अजगरासारखं पितळी वाद्य, सूझाफोन. आपण भोंगाच म्हणू. येणाऱ्याजाणाऱ्या धावपटूंसाठी तो ते भों-भों वाजवतो. सूर लागतो की नाही, देव जाणे. पण दमून आलेल्याला बरं वाटत असणार.

टपरी बंद झाली. मित्रानं बाइकला किक मारली. कॉलेज सोडणार की नाही, ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. फक्त जाता जाता म्हणाला, ‘चल, निघतो. सकाळी सातला कॉन्स्टिट्यूशनल लॉ आहे.’

मी तोंडानंच जरासं भों-भों केलं. रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं.